आणि साथी

आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या घरातला एसी पेटीवरच्या काळी चारच्या किंचित खाली लागलेला आहे, हे ज्ञान मला माझ्या सासूबाईंमुळे झालं. इतकी वर्षं मी त्या यंत्राखाली झोपले, उठले, भांडले, पण मला त्याची फक्त गळती आणि त्याचा फिल्टर ठाऊक होता. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून वाळूच्या रंगाचं ऊन आत सरकू लागलं, की सासूबाई पलंगाच्या कडेला बसतात, पाय खाली सोडतात, डोळे मिटतात आणि त्या घरघरीखाली आपला षड्ज अलगद ठेवतात; झोपलेल्या बाळाखाली दुपटं सरकवावं तसा. मग यंत्र कुठे संपतं आणि बाई कुठे सुरू होते, ते मला स्वयंपाकघरात चहा गाळताना उमगत नाही. तेच तर त्यांचं कसब होतं. दुसऱ्याच्या आवाजात असं विरघळून जायचं, की आपण तिथे होतो याचा मागमूस उरू नये, याचंच तरुणपणी त्यांना मानधन मिळत असे.

त्यांचं नाव वत्सला. अरुण, म्हणजे त्यांचा मुलगा आणि माझा नवरा, त्यांना आई म्हणतो, म्हणून मीही आई म्हणते. वय ऐंशीच्या पलीकडे, अंगकाठी चिमूटभर, आणि स्वभाव म्हणाल तर फोडणीतल्या मोहरीचा, शांत दिसला तरी झाकण हातात धरूनच जवळ जावं. कोणत्याही घोळक्यात त्या दोन पावलं मागे उभ्या राहतात. गणपतीच्या आरतीला, लिफ्टमध्ये, आमच्या मुलीच्या पदवीदानाच्या फोटोतसुद्धा. मला पूर्वी वाटे, ही जुन्या बायकांची भीड आहे. भीड कसली! ती शिस्त होती. ज्यांचा आवाज मऊ त्यांनी माइकजवळ उभं राहायचं आणि ज्यांचा टोकदार त्यांनी दूर. आईंचा आवाज धारेचा, म्हणून त्यांची जागा ठरलेली, कोरसच्या शेवटच्या ओळीत, दाराशेजारी. गुण आहे म्हणून मागे उभं राहायचं, असं ते काम होतं.

तो काळ साठच्या दशकातला. आई गिरगावातल्या एका चाळीत नवी सून म्हणून आल्या होत्या, आणि गाणंही तेव्हा आपलं बिऱ्हाड बदलत होतं. त्याआधी ते देवळात, नाटकात, बैठकीत असायचं, ऐकणाऱ्याने पाय धुऊन त्याच्याकडे जायचं. आता ते स्वतः उठून लोकांच्या दारात येऊ लागलं. इराण्याच्या हॉटेलात रेडिओ आला, लग्नाच्या मांडवावर कर्णा चढला, आणि मग हातात धरता येणारा ट्रान्झिस्टर आला, तो घेऊन तरुण पोरं गच्चीवर जाऊ लागली आणि वडीलधाऱ्यांच्या माघारी प्रेमाची गाणी ऐकू लागली. ज्या रागाला एरवी अख्खा प्रहर अपुरा पडे, त्याचा अर्क काढून तो तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावा लागे; तेवढ्यातच मीलन, तेवढ्यातच विरह, आणि मधे सतारीचा एखादा तुकडा. लोकांची घाई गाण्यात शिरली, की गाण्याची घाई लोकांत शिरली, हे आईंना अजून कळलेलं नाही. मलाही नाही.

त्या तीन मिनिटांसाठी एका बंद, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीत केवढी तरी माणसं जमत. कागदावरचं नोटेशन वाचून वाजवणारे गोव्याचे व्हायोलिनवाले, तोंडाने बोल म्हणत हात गरम करणारा तबलजी, अ‍ॅकॉर्डियनवाला पारशी, बनारसकडचा बासरीवाला, आणि कोपऱ्यात पदर खोचून उभ्या असलेल्या कोरसच्या मुली. चाळीत ज्यांच्या हातचं पाणी चाललं नसतं, त्यांच्या श्वासाला श्वास लावून इथे उभं राहावं लागे, कारण सगळ्यांचं मिळून एकच ध्वनिमुद्रण होई, एका दमात, एका टेपेवर. शेवटच्या कडव्यात कुणाला खोकला आला, तर गायिकेपासून मंजिरीवाल्यापर्यंत सगळे पुन्हा पहिल्यापासून. आई म्हणतात, माणसं एकमेकांना इतकी सांभाळून घेताना त्यांनी पुढे कुठेच पाहिली नाहीत, देवळातही नाही आणि घरातही नाही. हे म्हणताना त्यांचा हात नकळत हवेत ताल धरतो.

पण खोलीबाहेरचं जग एवढ्यात सुरात येणार नव्हतं. घरंदाज मुलीने पेटी शिकावी, हळदीकुंकवाला भावगीत म्हणावं, इथवर समाज आला होता. पैसे घेऊन गायचं म्हटलं, की भुवया वर जात. माझ्या सासऱ्यांनी आईंना गाऊ 'दिलं', हा शब्द त्या काळचा, माझा नाही. एक तर पगार तुटपुंजा होता, आणि दुसरं म्हणजे त्यांना बायकोचा आवाज मनापासून आवडे. दिवसा स्टुडिओत आई मुक्त पाखरांची, उंबरठा ओलांडणाऱ्या नायिकांची गाणी गात, आणि संध्याकाळी आपल्याच उंबरठ्याबाहेर उभ्या राहून आपल्या सासूबाईंना, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंना, उशीर का झाला ते सांगत. गाण्यातली नायिका कुणाला विचारून बाहेर पडते हो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, तिला सासू नसते. आणि माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहून हसल्या.

आणि माइकला बांगड्या चालत नसत. आजच्या पोरींना हे सांगावं लागतं, म्हणून सांगते. काचेच्या बांगडीचा आवाज बारीक असला तरी धारदार असतो, आणि माइक तो गुपचूप टिपून घेई. गाणं पूर्ण होऊन परत ऐकायला बसलं, की तो सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला असे. म्हणून कोरसच्या मुली आत शिरण्याआधी दारातच बांगड्या काढून रुमालात बांधत. कुमारिकांचं एक ठीक. पण हिरवा चुडा भरलेल्या सुनेने, नवरा धडधाकट असताना, उठसूट मनगटं उघडी करायची, हे आजेसासूबाईंच्या गळी उतरणं शक्य नव्हतं. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं त्या येताजाता म्हणत. त्यात नेमकी सासऱ्यांना कावीळ झाली, आणि आजेसासूबाईंच्या हाती आयतं कोलीत मिळालं. देवापुढे समई लावून त्यांनी सुनेकडून शपथ घेतली, की माझा मुलगा हिंडूफिरू लागेपर्यंत हातातली एकही बांगडी उतरवायची नाही.

दुसऱ्याच दिवशी ध्वनिमुद्रण होतं. दुसरी कुणी असती, तर गेली नसती. किंवा दारात बांगड्या काढून, येताना पुन्हा चढवून, घरी गप्प बसली असती. आईंना दोन्ही जमलं नाही. गाणं सोडवेना आणि शपथ मोडवेना, म्हणून त्यांनी दोन्ही मनगटांवर रुमाल गुंडाळले, गाठी मारल्या, पदराखाली हात छातीशी धरले आणि दाराशेजारच्या आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. गाणं उत्तम चाललं. मोठ्या गायिकेचा आवाज त्या दिवशी असा लागला होता, की तबलजी मान वर करायला तयार नव्हता. शेवटची ओळ कोरसने हलकेच उचलली, स्वर लांबला, विरत गेला, वाद्यं थांबली. आता लाल दिवा विझेपर्यंत श्वासही सोडायचा नाही. आणि त्या निःशब्दात आईंच्या डाव्या मनगटावरची गाठ सुटली, रुमाल घसरला, आणि दोन बांगड्या एकमेकींना लागल्या. एकदाच.

काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने मान वर केली. गायिकेला पुढच्या स्टुडिओत पोचायचं होतं, तो स्वर पुन्हा तसा लागेल याची खात्री कुणालाच नव्हती, आणि शेवटी, राहू दे, असं कुणीतरी म्हणालं. आईंना कुणी एक शब्द बोललं नाही. फक्त त्यानंतर बोलावणं आलं नाही. पुढे तंत्रही बदललं. एकाच टेपेवर निरनिराळे ट्रॅक घेता येऊ लागले, आज वाद्यं, उद्या गायिका, परवा कोरस, आणि चार मुलींना दोनदा गाऊन घेतलं की आठ होतात, हे ध्यानात आल्यावर उरलेल्या चौघी घरी बसल्या. म्हणजे बांगड्या वाजल्या नसत्या तरी ते दिवस संपणारच होते. हे मी आईंना समजावून सांगते, तेव्हा त्या माझ्याकडे असं बघतात, की मी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट त्यांना ऐकवते आहे.

त्या तबकडीवर गायिकेचं नाव आहे, कवीचं आहे, संगीतकाराचं आहे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'आणि साथी'. त्या साथींत वत्सला कोण, हे जगात कुणी सांगू शकणार नाही. आईंनाही आपला आवाज वेगळा काढता येत नाही, इतक्या त्या चोख विरघळल्या आहेत. त्या गात होत्या याची खूण एकच, शेवटची ती किणकिण. तिचीच त्यांना लाज आणि तिचाच अभिमान. आपल्यामुळे सोन्यासारख्या गाण्याला डाग लागला, हे शल्य त्यांनी आयुष्यभर उरात बाळगलं, आणि तो डाग ऐकण्यासाठी आयुष्यभर कान टवकारून बसल्या. रेडिओवर ते गाणं लागलं, की चाळभर लोक गायिकेला दाद देत, आणि माझे सासरे शेवटचं कडवं आलं की उठून आवाज वाढवत आणि म्हणत, आता तुझं. म्हातारे होईपर्यंत ते असंच करत राहिले. आजेसासूबाईंच्या त्या अपशकुनाला त्यांच्यापर्यंत पोचायला फार म्हणजे फारच उशीर झाला. तो पोचला, तेव्हा आईंनी मनगटं कायमची उघडी केली, तबकडी एका सुती साडीत गुंडाळली, आणि त्या इथे आमच्याकडे राहायला आल्या.

इथे तबकडी वाजवायला यंत्र नव्हतं, आणि तशी गरजही वाटली नाही, कारण गाणं तर आता फोनवर मिळतं. मिळतं, पण शेवट मिळत नाही. कुठल्याशा सुधारित आवृत्तीत कुणा शहाण्याने शेवटचा स्वर हळूहळू बारीक करत नेऊन बुडवला आहे, म्हणजे किणकिणीच्या आधीच पडदा. अरुणने सापडतील तेवढ्या प्रती शोधून ऐकवल्या, सगळीकडे तेच. प्रत्येक वेळी आई शेवटपर्यंत ताटकळत आणि मग मान हलवून म्हणत, खलास. इथल्या भाषेतला हा एकच शब्द त्यांनी मनापासून उचलला आहे.

मग हे काम सईने अंगावर घेतलं. सई आमची मुलगी. जन्म इथला, शाळा इथली. तिच्याशी मराठीत बोलावं आणि उत्तर इंग्रजीत घ्यावं, असा आमच्या घरचा रिवाज पडला आहे. दुबईतल्या एका स्टुडिओत ती जुनी ध्वनिमुद्रणं साफ करण्याचं काम करते. खरखर, चरे, फुसफुस, सगळं तिला पडद्यावर रंगीत डागांसारखं दिसतं आणि ती ते पुसत बसते. तबकडी मांडीवर घेऊन ती गाडीत बसली, तेव्हा मी खिडकीशी वाकून तिला बजावलं, की बाकी काय पुसायचं ते पूस, पण शेवटच्या किणकिणीला हात लावलास तर घरात पाऊल ठेवू नकोस. 'मम्मा, आय नो,' एवढंच ती म्हणाली, आणि काच वर गेली.

रविवारची दुपार होती. नोव्हेंबर लागला होता, हवेतली ती चिकट वाफ एकदाची गेली होती आणि समोरच्या इमारतीच्या काचांवरून परावर्तित होऊन आलेलं ऊन आमच्या भिंतीवर थरथरत होतं. सईने स्टुडिओतले चांगले स्पीकर आणले होते. आईंनी पडदे ओढायला लावले, एसी बंद करायला लावला, आणि सोफ्यावर बसायचं सोडून त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. गाणं सुरू झालं. इतक्या वर्षांची राख झटकून कुणीतरी आतला निखारा दाखवावा, तसं ते होतं. गायिकेने ओठ विलग केल्याचा आवाज, व्हायोलिनवर टेकताना गज कुरकुरल्याचा आवाज, पलीकडे कुणाची तरी खुर्ची. आईंचे ओठ हलत होते. शेवटची ओळ आली, कोरस उचलला गेला, स्वर लांबला, विरला. आणि त्या शांततेत बांगड्या वाजल्या. इतक्या जवळ, इतक्या स्वच्छ, की मी दचकून मागे वळून पाहिलं.

आई हललेल्याच नव्हत्या. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, त्या अजून वाट बघत होत्या. सईने माझ्याकडे पाहिलं, मी अरुणकडे पाहिलं. स्पीकरमधून नुसती शांतता वाहत होती आणि ती संपेना. मग आईंनी डोळे उघडले.

"काढलीस ना गं?" त्या सईला म्हणाल्या. "तुम्हा लोकांना सगळं धुतलेलं लागतं."

सईचं तोंड अर्धवट उघडलं आणि तसंच राहिलं. नाही आजी, आहे ती, आत्ताच वाजली, असं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं, आणि तिच्या चेहऱ्यावर पुढचं सगळं उमटलेलंही दिसलं. हल्ली मायक्रोवेव्हची शिटी आईंना ऐकू जात नव्हती. फोनची बारीक घंटा जात नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून त्या म्हणत होत्या, की कुसैसमधले पक्षी कुठे गेले कुणास ठाऊक. आमचं बोलणं त्यांना ऐकू येई, एसीची घरघर येई, तबला येई, म्हणून आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. म्हातारपण कानात शिरतं तेव्हा ते वरच्या मजल्यापासून घर रिकामं करत येतं, आणि ती किणकिण अगदी वरच्या मजल्यावर राहत होती.

"हो आजी," सई मराठीत म्हणाली. "चुकून गेली. सॉरी."

मी तिला थांबवायला हवं होतं, की मिठी मारायला हवी होती, हे मला आजही ठरवता येत नाही. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. आईंनी मात्र नातीशी बोलणं टाकलं. ती खोलीत आली की त्या भिंतीकडे तोंड करून बसत, तिने आणलेलं फळ तसंच राही, आणि जेवताना तिच्या देखत त्या अरुणला सांगत, की पूर्वी माणसं एकदा मुद्रित झालेल्या गोष्टीला मान देत असत. सई मुकाट ऐकून घेई. ज्या आवाजाला तिने डोळ्यांत तेल घालून जपलं होतं, एकेक चरा बाजूला करत त्याच्याभोवतीची जागा झाडून काढली होती, तो पुसल्याचा आळ ती स्वतःवर ओढून घेऊन रोज कामाला जात होती. एके संध्याकाळी ती गाडीतच बसून राहिली, वर आली नाही. मी खाली गेले तर म्हणाली, की मम्मा, शी लुक्स अ‍ॅट मी लाइक आय किल्ड समवन. खरं सांगावं, तर आईंच्या हातून ती एकुलती खूण कायमची जाणार. खोटं चालू ठेवावं, तर नात जाणार. अरुण म्हणे, इन्शाल्ला होईल सगळं ठीक, आणि पेपर उघडे. पुरुषांचं बरं असतं.

आईंना बाहेर नेलं की त्यांचा रुसवा थोडा उतरतो, म्हणून मी त्यांना शारजात रोल्लाच्या बाजारात घेऊन गेले. उन्हं कलली होती. कापडाच्या दुकानांतून फिरून झाल्यावर आम्ही चौकातल्या हिरवळीवरच्या बाकावर बसलो. समोरच्या झाडावर चिमण्या परतत होत्या, शेकड्यांनी, आणि त्यांनी असा कलकलाट मांडला होता, की मला शेजारच्या बाईचं बोलणंही कळेना. आई झाडाकडे टक लावून बघत होत्या. बराच वेळ. मग त्यांनी हाताने चिमणीच्या चोचीसारखी बोटं उघडून मिटून मला दाखवली, आणि पुन्हा झाडाकडे बोट केलं. चोची हलताहेत, एवढंच त्यांना दिसत होतं.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "ती वाजली होती ना त्या दिवशी?"

मी मांडीवरची पिशवी उगाच उघडून पाहिली.

"तू मागे वळून पाहिलंस. माझे डोळे काही पूर्ण मिटलेले नव्हते."

म्हणजे त्यांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. तरीही इतके दिवस त्यांनी त्या पोरीला उभं जाळलं होतं. मी सुनेचं सगळं शहाणपण बाजूला ठेवून त्यांना विचारलं, की मग सईवर का रागावलात. त्यांनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "कुणावर तरी रागवायला हवं होतं गं. कानावर कसं रागावणार?" आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. समोरून भाजीच्या पिशव्या घेऊन माणसं जात होती, एक बाई थांबून काय झालं म्हणून हिंदीत विचारून गेली, आणि चिमण्या वर ओरडतच होत्या.

घरी आल्यावर आईंनी सईला आपणहून सगळं सांगितलं, आणि त्यानंतर आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. यंत्राने बोलणं अधिक स्पष्ट होईल, पण ते वरचे बारीक स्वर आता यायचे नाहीत, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. सईने घरी येऊन एक तोडगा सुचवला. तो आवाज ती खाली उतरवू शकत होती, दोन सप्तकं खाली, म्हणजे आजीला ऐकू येईल अशा जागी. आईंनी विचार केल्यासारखं केलं आणि नको म्हणाल्या. खाली उतरवलेली ती बांगडी काचेची राहणार नाही, एखाद्या भांड्याची होईल, आणि भांडी काय, त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. सई हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली.

मग आईंनीच तिला जवळ बसायला सांगितलं. डावा हात पुढे केला, वाळकुडा, निळ्या शिरांचा, कोपरापर्यंत मोकळा, आणि तो तिच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, की गाणं लाव, आणि वाजेल तेव्हा इथे मनगटावर दाब. आता पडदे ओढले नव्हते. सकाळचं ऊन सरळ दोघींच्या अंगावर येत होतं. गाणं सुरू झालं. आईंनी या वेळी ओठ हलवले नाहीत. सगळं लक्ष त्यांनी मनगटापाशी नेऊन ठेवलं होतं, आणि सईचे डोळे स्पीकरवर खिळले होते, ज्या आवाजाची जागा तिला पडद्यावर पाहून पाहून पाठ झाली होती त्याची तिलाही धास्ती वाटत होती. शेवटची ओळ उचलली गेली. स्वर लांबला, विरला. बांगड्या वाजल्या, आणि त्याच क्षणी सईने दोन बोटांनी आजीचं मनगट दाबलं, घट्ट, भीतीने जरा जास्तच.

आईंनी नातीच्या बोटांवर आपला दुसरा हात ठेवला.

"एवढ्या जोरात नव्हती गं वाजली," त्या म्हणाल्या.

सईने पुन्हा गाणं लावलं, आणि या वेळी तिने फक्त बोट टेकवलं. आईंनी मान डोलावली. हातून निसटलेला एक बारीकसा आवाज काळाने त्यांच्या मनात वर्षानुवर्षं केवढा मोठा करून ठेवला होता, हे तो त्यांच्या कानांतून कायमचा गेल्यावर आम्हाला कळलं. आणि आता, जिथे काहीच वाजत नाही अशा त्या जागी, तो पहिल्यांदाच आपल्या खऱ्या मापाचा होऊन राहिला आहे.